गोरिसच्या नावाचा शंख

पेत्रोनेलाची, म्हणजे नेलाची, जीभ तिखट, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होतं. पण देवळात हीच जीभ कशी मऊ व्हायची, देव जाणे. माळेची प्रार्थना सांगायला, मयताच्या घरी बायकांना धीर द्यायला, मरणाऱ्याच्या उशाशी बसायला गाव नेलालाच बोलवायचं. “भिऊ नको रे बाबा. पलीकडे देव उभा आहे. तिथं दुखणं नाही, भूक नाही, कुणी कुणापासून तुटत नाही,” असं ती इतक्या खात्रीनं सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं ही बाई कालच जाऊन आली. आणि त्याच घरातून बाहेर पडून अंगणात पाय ठेवला, की कुणाच्या डुकरानं कुणाचं रताळं उकरलं यावरून हिचा पट्टा सुरू. लोक हसायचे. “नेलाला स्वर्गात जागा नक्की,” म्हणायचे, “पण तिच्या शेजारी बसणार कोण?”

तीच नेला आज नऊ दिवस गप्प होती. चुलीपाशी बसायची, विस्तवाकडे बघायची. सून रेन्सी समोर ताट ठेवायची आणि तासाभरानं जसंच्या तसं उचलायची.

नऊ दिवसांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा गोरिस समुद्रानं नेला. चोवीस वर्षांचा पोरगा, होडीच्या नाकावर उभा राहून देवमाशावर भाला घेऊन उडी टाकणारा. असला भालाईत त्याच्या कुळात तीन पिढ्यांत झाला नाही, असं म्हातारे म्हणायचे. त्या दिवशी भाला बरोबर लागला. मासा खाली गेला, दोर सुटत गेला, आणि सुटत्या दोराचा एक वेढा गोरिसच्या घोट्यात अडकला. होडीतल्या नऊ जणांनी पाहिलं आणि नऊ जणांना काही करता आलं नाही. एक क्षण तो होता आणि दुसऱ्या क्षणी नुसता फेस. आठ दिवस होड्या शोधत फिरल्या. हाती काही लागलं नाही.

आता ज्या माणसाचं शरीर समुद्र परत देत नाही, त्याच्या नावानं इथे शंख पुरतात. असातसा नाही. खोल पाण्यातला, पांढऱ्यावर तांबडे पट्टे असलेला, आतून मोत्यासारखा चमकणारा गोल शंख. तो कापडात गुंडाळायचा, पाद्रीबाबांनी आशीर्वाद द्यायचा, वर क्रूस रोवायचा. पण शंख मातीत जाण्याआधी एक गोष्ट व्हावी लागते. होडीवर गेलेल्यांच्या घरांत जे काही बोललं गेलं असेल, ते सगळ्यांसमोर बाहेर यावं लागतं. कारण होडी पाण्यात असताना घरात भांडायचं नाही, हा आजा-पणजापासूनचा नियम. भालाइताच्या घरात तर नाहीच नाही. घरातला वाकडा शब्द दोराला वाकडा करतो म्हणतात.

आणि नेलाच्या घरात वाकडा शब्द गेला होता.

गोष्ट केवढीशी! सकाळी रेन्सी खापरात मका भाजत होती. तो गरम गरम दाणा दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं चेचून चपटा करायचा, की झाली न्याहारी. एवढ्यात टेकडीवरून हाळी आली, “बालेओ! बालेओ!” देवमासा दिसला की सगळं गाव हेच ओरडतं. पुरुष धावले. रेन्सीही नवऱ्याच्या मागे धावली, आणि खापरातला मका कोळसा झाला. ती परत आली तेव्हा नेला दारात कमरेवर हात ठेवून उभी.

“डोंगरातली ना गं तू? मक्यात जन्मलीस आणि मका जाळतेस?”

“चुकलं, इना,” रेन्सी म्हणाली. इकडे आईलाही इना म्हणतात आणि सासूलाही.

तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण नेला कसली थांबते! नेला म्हणाली, “तुझ्या हातचं खाऊन मरण्यापेक्षा माझा पोरगा समुद्रात गेलेला बरा!”

म्हणाली आणि विसरलीसुद्धा. असलं ती दिवसातून चारदा म्हणायची. दुपारी होडी परत आली तेव्हा मात्र ते वाक्य समोर येऊन उभं राहिलं आणि नऊ दिवस जागचं हललं नाही. नेलानं स्वतःशी खूप घासाघीस केली. मी बोलले तेव्हा होडी पाण्यात होती की वाळूवर? नाक तरी पाण्याला लागलं होतं का? वाळूवर असली तर नियम मोडला नाही. पण होडी कुठं होती ते तिला आठवेना, आणि आठवलं असतं तरी काय उपयोग होता?

तिचा देवावरचा विश्वास ढळला असता तर एक वेळ परवडलं असतं. पोरगा संपला म्हणून ऊर बडवून रडली असती, मोकळी झाली असती. पण तिचा विश्वास जसाच्या तसा होता आणि त्यानंच तिचा घात केला. गोरिस देवापाशी आहे, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. त्याचं दुखणं संपलं, पायातला दोर सुटला. म्हणजे एक दिवस तिथं तो तिला भेटणार. आजवर शंभर मरणाऱ्यांना जे सुख म्हणून सांगितलं, त्याचीच आता तिला धडकी भरली होती. स्वर्गाच्या दारात पोरगा समोर आला, तर कुठल्या तोंडानं त्याच्याकडे बघायचं?

शनिवारी ती देवळात गेली. पातेर दोनातुस, म्हणजे गावचे पाद्रीबाबा, वयानं गोरिसहून सहा-सात वर्षांनी मोठे. पापाची कबुली ऐकायला ते जाळीपलीकडे बसले. नेला गुडघ्यांवर टेकली.

“पातेर, सुनेशी भांडले.”

“कधी?”

“त्याच दिवशी.”

मग ते हळूच म्हणाले, “नेला, करपलेल्या मक्यापायी देव कुणाचा मुलगा नेत नाही.”

“मग कशापायी नेतो?”

“मला माहीत नाही.”

“एवढं शिकलात आणि माहीत नाही?”

“नाही माहीत. तो रडणाऱ्याजवळ बसतो, एवढं माहीत आहे.”

त्यांनी पापाची माफी दिली. नेला घरी आली. देवाला सांगितलं, देवानं माफ केलं, आता माणसांना कशाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. असं तिनं मनाला बजावलं. पण तिला पक्कं ठाऊक होतं, की तिनं भांडले एवढंच सांगितलं होतं. काय बोलले ते पोटातच ठेवलं होतं. देवाच्या कानातसुद्धा ते वाक्य तिच्यानं घातलं गेलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी सगळं कूळ होडीच्या छपराखाली जमलं. होडी ओढून वर घेतलेली, गोरिसची नाकावरची जागा मोकळी. मधोमध पाटावर तो शंख. शेजारच्या बेटावरच्या मच्छीमाराकडून मागून आणलेला. नेलानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. सहा फुटी पोरगा, आणि हे ओंजळीएवढं!

कुळातले वडील आमा बेने काठीवर हनुवटी टेकून बसले होते. इकडे वडीलधाऱ्याला आमा म्हणतात. पाद्रीबाबा बाजूला लाकडावर बसले. या प्रकारात ते बोलत नसत, पण येत असत.

“सांगा,” आमा बेने म्हणाले. “कुणाच्या घरात त्या दिवशी शब्दाला शब्द लागला?”

एकेक जण उठू लागला. सुकाणूवाल्यानं भावाशी बकरीवरून बोलाचाली झाल्याचं सांगितलं. वल्हं मारणाऱ्या एकाची बायको म्हणाली, “मी नवऱ्याला रेडा म्हणाले. पण ते मी रोजच म्हणते.” एरवी लोक खो खो हसले असते. आज कुणाच्या ओठाची कड हलली नाही. आमा बेने प्रत्येकाला मान हलवून बसवत होते, आणि सगळ्यांना कळत होतं की हे नाही, हे नाही. सगळ्यांचे डोळे फिरून फिरून नेलाच्या घरच्यांकडे येत होते. नेलाकडे नाही, तिच्या मागे बसलेल्या रेन्सीकडे.

“डोंगरातल्या पोरींना समुद्राचे नियम कोण शिकवणार?” शेजारची तेक्ला हवेत बघून म्हणाली. “शेळ्यांत वाढलेल्या. आम्ही काही कुणाचं नाव घेत नाही बाई.”

नाव न घेता तिनं जे करायचं ते केलं. रेन्सी उठली. दहा दिवसांत ती निम्मी झाली होती. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, मूलबाळ नव्हतं.

“मी भांडले, आमा,” ती म्हणाली.

“कुणाशी?”

“इनाशी. मका करपला, इना जरा बोलल्या, तर मी त्यांच्या अंगावर ओरडले. वाटेल ते बोलले. त्या गप्पच होत्या.”

नेला गप्पच होती, हे ऐकून दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं. पण बघण्यापलीकडे कुणी गेलं नाही. लोकांना जे हवं होतं ते मिळालं होतं. बाहेरची पोर, बाहेरचा दोष. आता ती पदर डोक्यावर घेऊन डोंगरात माहेरी जाणार. तसा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण नवऱ्याच्या मरणाचा दोष कपाळी आलेली बाई कुठल्या तोंडानं त्याच्या घरात राहील? आणि मग शंख पुरायचा, क्रूस रोवायचा, सगळं आटोपलं.

नेलाला काय करायचं होतं? काहीच नाही. नुसतं बसायचं होतं. बसलं की ती सुटली. पुढच्या महिन्यात पुन्हा माळ सांगेल, पुन्हा मरणाऱ्यांच्या उशाशी बसेल. तिनं पाद्रीबाबांकडे पाहिलं. पातेर वाळूकडे बघत होते. त्यांना खरं ठाऊक होतं, पण जाळीपलीकडे ऐकलेलं त्यांना जीव गेला तरी बाहेर काढता येत नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते एका बोटानं वाळूत रेघा ओढत होते.

या पोरीनं माझ्यासाठी खोटं का बोलावं? नेलाला कळेना. वर्षभर मी हिला सुखाचा घास खाऊ दिला नाही. हिचा मका, हिचं विणणं, हिचं चालणं, सगळ्याला नावं ठेवली. आणि एकदम तिच्या डोक्यात आलं, की गोरिस हे बघतोय. आत्ता, या क्षणी. ती लोकांना इतकी वर्षं सांगत आली ते खरं असेल, तर तो देवापाशी उभा राहून या छपराखाली बघत असणार. बायको उभी आहे आणि आई बसली आहे, हे त्याला दिसत असणार.

नेला उठली. गुडघे वाजले.

“खोटं बोलते ती,” नेला म्हणाली. दहा दिवसांनी चारचौघांत फुटलेला तिचा आवाज तिलाच परका वाटला. “ही पोर ‘चुकलं, इना’ एवढंच म्हणाली. भांडण मी केलं.”

“इना, बसा ना,” रेन्सी कुजबुजली.

“तू गप गं! एवढं खोटं बोलायला कुणी शिकवलं तुला?”

आमा बेनेंनी काठी बाजूला ठेवली. “नेला, काय बोललीस ते सांग. जसंच्या तसं.”

“तेच सांगायला उभी आहे, आमा. जरा थांबा.” तिनं होडीच्या कडेला हात धरला. “मी म्हणाले... मी हिला म्हणाले, तुझ्या हातचं खाऊन मरण्यापेक्षा माझा पोरगा समुद्रात गेलेला बरा.”

पाद्रीबाबांचं बोट वाळूत थांबलं. त्यांनीही हे आत्ताच ऐकलं होतं. तेक्लानं तोंडावर हात घेतला. लाट आली, गेली, पुन्हा आली. नेलाला वाटलं होतं लोक शिव्या देतील, एखादी बाई अंगावर धावून येईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तिथे बसलेली जवळजवळ प्रत्येक बाई आई होती, आणि प्रत्येकीनं कधी ना कधी पोराला म्हटलेलं होतंच, मर मेल्या, जा मसणात. त्या सगळ्या खाली मान घालून बसल्या.

“मी आई असून बोलले,” नेला म्हणाली आणि वाळूत बसली.

आमा बेने म्हातारे होते. त्यांनी आयुष्यात पाच शंख पुरले होते, त्यातला एक स्वतःच्या भावाचा. त्यांनी डोळे पुसले, नारळाच्या करवंटीत समुद्राचं पाणी घेतलं, पाद्रीबाबांनी त्यात देवळातलं पाणी ओतलं. ज्याला शब्द लागला त्यानं ते पाणी द्यायचं असतं. रेन्सीनं करवंटी सासूच्या ओठांना लावली. नेलानं चूळ भरली आणि वाळूत थुंकली. पाणी खारट होतं.

“झालं,” आमा बेने म्हणाले. “आता त्याची वाट मोकळी झाली. चला, पोराला पोहोचवू या.”

नेलानं स्वतः विणलेल्या कापडात शंख गुंडाळला. ते कापड तिनं गोरिसच्या पहिल्या मुलासाठी विणायला घेतलं होतं. खड्डा हातभर लांबीचा. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, धूप फिरवला. मग गाणं म्हणायची वेळ आली आणि सगळे थांबले, कारण गाण्याची पहिली ओळ कायम नेलाच उचलायची. तिनं तोंड उघडलं. “पलीकडच्या किनाऱ्यावर...” एवढं म्हणाली आणि आवाज तुटला. पुढची ओळ कुणी घेईना. मग तेक्लानं घेतली. तेक्लाचा आवाज फाटका, सूर बेसूर, पण तिनं ते कडवं शेवटपर्यंत नेलं, आणि मग बाकीच्या बायका तिच्यामागून गाऊ लागल्या. नेला हातानं माती लोटत राहिली. पुरुषांनी फावडं पुढं केलं, तिनं घेतलं नाही.

लोक पांगले. उन्हं चढली होती. सासू-सुना तशाच बसून राहिल्या. क्रूसावर गोरिसचं नाव, जन्माचं साल, मरणाचं साल.

“इना,” रेन्सी म्हणाली, “त्यानं ऐकलं होतं.”

“कोणी?”

“तो टोपी विसरला म्हणून मागं आला होता. घराच्या मागच्या बाजूनं. तुम्ही बोललात तेव्हा तिथंच होता.”

“मग?”

“हसला. मला खुणेनं जवळ बोलावलं आणि म्हणाला, ‘इनाला सांग, परत आलो की तो करपलेला मकाच खाणार, तुझ्या हातचा. मग बघू कोण मरतं ते.’ आणि टोपी घालून पळाला.”

“दहा दिवस हे का सांगितलं नाहीस?”

“दहा दिवसांत तुम्ही माझ्याकडे बघितलंत तरी का?”

हे खरं होतं. नेलानं आता बघितलं. पोरीचा चेहरा उन्हानं तापलेला, डोळे सुजलेले, पण नजर स्थिर. अगदी अश्शीच स्थिर नजर ठेवून हिनं सकाळी सगळ्या कुळासमोर, पाद्रीबाबांसमोर, शंखासमोर खोटं सांगितलं होतं. टोपी घरात नव्हती, हे नेलाला ठाऊक होतं. पण टोपी तो आधीच घालून गेला असेल. बोलणं मात्र गोरिसचंच वाटत होतं. अगदी त्याच्या तोंडचं. पण वर्षभर त्याच्याजवळ निजलेल्या बाईला त्याचं बोलणं येणार नाही तर कुणाला येणार?

“देवाशपथ खरं?” नेलानं विचारलं.

“खरं, इना.”

फार लवकर म्हणाली. की नेलालाच तसं वाटलं? ती कितीतरी वेळ त्या पोरीकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा तेच उत्तर आलं असतं.

“तुझ्याकडून काही कळायचं नाही मला,” नेला शेवटी म्हणाली. “त्यालाच विचारीन.”

तिनं हे सहज म्हटलं, चुलीपाशी बसून म्हणावं तसं. म्हटल्यावर तिला जाणवलं, की दहा दिवसांत पहिल्यांदाच त्या भेटीची तिला भीती वाटली नाही. उलट आत्ताच उठून जावंसं वाटलं. तो दारात उभा असेल, ती विचारेल, काय रे, टोपी घ्यायला आला होतास का? मग जे काय असेल ते असेल, पण त्याच्या तोंडून.

नेला अठ्ठावन्न वर्षांची होती. तिचे दात शाबूत होते, डोक्यावर वाळक्या मासळीची टोपली घेऊन ती अजून डोंगर चढायची. तिची आई नव्वदीत गेली, आजी त्याहून पुढे.

“अजून तीस-बत्तीस वर्षं,” ती म्हणाली. “फार झाली गं, रेन्सी.”

आणि तेव्हा ती रडली. रेन्सी सरकून जवळ आली, आणि नेलानं तिला येऊ दिलं.